मामाची मांडी

न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं, वस्तरा काढला, पोराच्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि थांबला. दोन वर्षांच्या खंडूचे केस पार मानेखाली उतरले होते. पुढची बट लाल दोऱ्यानं बांधलेली होती.

“जावळ दिसतंय,” न्हावी म्हणाला. “मामा कुठंय याचा?”

झालं! सवयीनं विचारलं बिचाऱ्यानं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनआधी डोकी भादरायची त्याची नोकरी. पण पहिलं जावळ म्हटलं की पोर मामाच्या मांडीवर लागतं, हे का न्हाव्याला सांगायचं असतं? खाटेपाशी पोराचा बाप मल्हारी ऑपरेशनच्या कागदावर सही करायला वाकला होता. त्यानं पेन खाली ठेवला.

सकाळी पोर जिन्यावरून पडलं होतं. वाळूजच्या त्या भाड्याच्या खोलीच्या जिन्याला कठडाच नव्हता. रडलं, गप झालं, बिस्कीट खाल्लं, खेळलंसुद्धा. मग भडभडून ओकलं आणि झोपलं ते हलवून हलवून उठेना. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो बघून सरळ सांगितलं होतं, “आत रक्त साकळतंय. आत्ता उघडलं तर पोर वाचतं.” मल्हारी करतच होता की सही!

“थांबा,” तो म्हणाला. “हे जावळ इथल्या साताऱ्याच्या खंडोबाला बोललेलंय. पहिल्या पोरीचं घरीच काढलं, मामाबिगर. महिन्याच्या आत गेली. मामाला येऊ द्या.”

“कुठं असतो मामा?”

“फर्दापूरला.”

“अरे बाबा, तीन तास आहेत कुठं याच्याजवळ?” डॉक्टरीणबाई ओरडल्याच. न्हावी तर कावराबावरा झाला. “म्या आपलं सहज इचारलं हो,” तो म्हणत राहिला, पण आता त्याचं कोण ऐकतंय!

वच्छलानं पुढं होऊन पेन उचलला. “द्या, मी करते सही. माझं पोर हाय.”

मल्हारीनं तिचं मनगट धरलं. “पहिली कशानं गेली? सांग की! अन् तुझाच भाऊ यायचाय ना?”

वच्छलानं पोराकडं पाहिलं, त्या लाल दोऱ्याकडं पाहिलं. तिचा हात खाली आला.

खाली एसटीडी बूथवरून मल्हारीनं फर्दापूरच्या लॉजवर फोन लावला. मेव्हणा कारभारी तिथं कामाला होता, पण पर्यटकांचं सामान घेऊन बाहेर गेलेला. मॅनेजरनं निरोप लिहून घेतला. देवाच्या कामाच्या निरोपात वंगाळ बोलू नये, म्हणून मल्हारी एवढंच म्हणाला, “जावळ हाय म्हणावं. लगोलग निघा. स्टँडावर मी उभा राहतो.”

वा रे शहाणा! कंपनीत मशीन अडकलं की क्षणात मेन स्विच पाडणारा गडी, पण इथं सकाळपासून दोन वाजेपर्यंत एसटी स्टँडवर उभा राहिला. सिल्लोडकडून आलेल्या एकेका गाडीच्या दारात मुंडकं घालून बघत राहिला.

कारभारी दोनच्या गाडीनं उतरला. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला नवा रुमाल, काखेत नारळ.

“दाजी, एक गाडी हुकली बरं का,” तो हसत म्हणाला. “सिल्लोडला उतरलो अन् भाच्याला टोपडं घेतलं. जरीचं. रिकाम्या हातानं मामा येतो व्हय?”

मल्हारीनं त्याला ओढतच रिक्षाकडं नेलं. रिक्षात त्यानं कसंबसं सांगितलं. ऐकता ऐकता कारभारी ते टोपडं पिशवीत खाली खाली दाबत राहिला.

वॉर्डातली खाट रिकामी होती. वच्छला भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. साडेबारालाच गेला होता खंडू. तिनं नवऱ्याकडं पाहिलंच नाही.

पडून गेलेलं पोर म्हटल्यावर पोलीस आले, पंचनामा झाला, चिरफाड आलीच. मल्हारीनं शिपायापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांचे पाय धरले. एवढुशा डोक्याला आता हत्यार लावू नका म्हणाला. पण त्या कामाला कुणाची सही लागत नव्हती. ऊन उतरायच्या आत तेही उरकलं.

चिरफाडीच्या खोलीचं दार उघडून सकाळचाच न्हावी बाहेर आला. तिथली डोकीही त्यालाच भादरावी लागायची. त्याच्या हातात वर्तमानपत्राच्या कागदात काहीतरी धरलेलं होतं.

“टाकून द्यायला हात धजंना,” तो खाली बघत म्हणाला. “मामा आला का?”

 वच्छला उठली. भावाचा दंड धरून तिनं त्याला दाराशीच फरशीवर बसवलं.

“दादा, मांडी घाल.”

कारभारीनं मांडी घातली. न्हाव्यानं कागद त्याच्या मांडीवर ठेवला. काळे मऊ केस होते आणि वर तो लाल दोरा, तसाच गाठीसकट.

तेवढ्यात पोलिसानं मल्हारीपुढं फॉर्म धरला. प्रेत ताब्यात मिळालं म्हणून बापानं सही करायची होती. मल्हारीनं पेन घेतला, लाल दोऱ्याकडं पाहिलं आणि परत खाली ठेवला.

“करा की सही,” वच्छला म्हणाली. “मामा आलाय.”