सात ते नऊ

जिन्याखालच्या मीटरांच्या फळीवर तिसऱ्या मजल्याच्या रांगेतला एक लाल दिवा पुन्हा घाईघाईनं लुकलुकायला लागला, तसे मीटरकाका स्टुलावरून ताडकन उठले. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. "आज सापडली," ते स्वतःशीच म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं.

तीस वर्षं दारोदार मीटर वाचून हा माणूस निवृत्त झाला होता. दिव्याच्या घाईवरून घरात इस्त्री चाललीय की गिझर, हे ते एका नजरेत सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. त्यामुळे उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर दुसऱ्यांदा जळाला आणि वीज कार्यालयानं संध्याकाळी सात ते नऊ वापर कमी करा म्हणून बजावलं, तेव्हा इमारतीनं नजर ठेवायचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं. त्या दोन तासांत एसी नाही, गिझर नाही, इस्त्री नाही. जो मोडेल त्याची खैर नाही, असं सभेत ठरलं. हे शेवटचं वाक्य काकांचंच.

अकरा घरं निमूट वागत होती. काकांच्या स्वतःच्या मीटरचा दिवा तर इतका सावकाश लुकलुकायचा की ते येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. "याला म्हणतात शिस्त. आमची ही दोन तास खिडकीशी वारा घेत बसते, पण तक्रार नाही." बोंब होती ती फक्त त्यांच्या समोरच्या दाराची. तिथं शिवणकाम करणारी बाई म्हाताऱ्या आईला घेऊन भाड्यानं राहत होती. गेले आठ दिवस सात वाजले की तिच्या मीटरला भूत लागायचं.

पहिल्या दिवशी काकांनी तिला हटकलं, तेव्हा ती म्हणाली की मशीनची मोटर काढून ठेवलीय, पायानं चालवते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पंखाही बंद ठेवते. वर आपलं बिलच जास्त येतंय म्हणून तीच कुरकुर करत होती. काकांनी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. बाई गोड बोलते, खाली बघून बोलते, म्हणजे पाणी नक्की मुरतंय. त्यांनी घरमालकाच्या कानावर घातलं. मालकानं निरोप धाडला की उद्यापर्यंत खरंखोटं करा, खोटं निघालं तर खोली रिकामी करायची. दुसरी खोली मिळणार कुठं आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला हलवायचं कसं, ते मालकानं विचारलं नाही. काकांनीही नाही.

"खाली या!" काकांनी जिन्यातून हाक दिली. पाठोपाठ चारपाच दारं उघडली. फुकटचा तमाशा कोण सोडतो? सेक्रेटरी बनियनवरच आले.

बाई खाली आली. घामानं निथळत होती. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"काका, मी मेन स्विच बंद करून आलेय," ती म्हणाली. "आई अंधारात बसलीय. कुणीही वर जाऊन बघा."

सेक्रेटरी दोन दोन पायऱ्या चढत गेले आणि धापा टाकत परत आले. "खरंय. काळोख आहे. मेन बंद आहे."

दिवा मात्र लुकलुकतच होता.

दुसरा कुणी इथं गप्प बसला असता. पण संशय एकदा डोक्यात शिरला की त्याला सगळे पुरावे गोड लागतात. काकांचे डोळे चमकले. तीस वर्षांत असल्या शंभर लबाड्या त्यांनी पकडल्या होत्या.

"अस्सं! म्हणजे मेनच्या अलीकडून वायर काढून दिलीय तुम्ही कुणाला तरी. साथीदार आहे तुमचा, याच इमारतीत." ते सगळ्यांकडे आळीपाळीनं बघायला लागले. सेक्रेटरीही उगीचच दचकले.

"मी कुणाला काही दिलेलं नाही, काका."

"ते आत्ता कळेल." मीटरवरचे नंबर गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवले होते. बाईचा नंबर पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून त्यांनी त्याखालचा फ्यूज धरला. "सगळे अंगणात जा. खिडक्यांवर नजर ठेवा. ज्याच्या घरात अंधार होईल तो चोर! मग तो कुणी का असेना, त्याचं नाव मी स्वतः फळ्यावर लिहीन."

त्यांनी फ्यूज खसकन उपसला आणि तसेच धावत अंगणात आले.

इमारतीच्या मागून इतका वेळ एक घरघर चालली होती. रोजचीच, म्हणून कुणाच्या लक्षातही आली नव्हती. ती थांबली तेव्हा सगळ्यांना ऐकू आली. सगळे वर बघत होते. सेक्रेटरी मात्र चपलेकडे बघायला लागले.

तिसऱ्या मजल्यावरची घट्ट लावलेली एक खिडकी खाडकन उघडली. अंधारातून काकू ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? फक्त आपलीच लाइट गेलीय! आणि एसी मी लावला नव्हता हं!"

काकांच्या हातात फ्यूज तसाच होता. नंबर रंगवताना समोरासमोरच्या दोन मीटरांची अदलाबदल त्यांच्याच हातून झाली होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. आपलं तोंड आता कुणाकडे वळवावं तेच त्यांना कळेना. शेवटी बाईच पुढं आली. पदरानं कपाळ पुसत ती हळूच म्हणाली,

"बसवा तो फ्यूज, काका. काकूंना उकडत असेल."