बनूला कळता कामा नये

खुरपं सरीतच टाकून अंजना बांधावरून पळत सुटली.

"अगं, पडशील की!" मागून चंद्राबाई ओरडली. चंद्राबाई भावकीतली. तिनंच आत्ता येऊन सांगितलं होतं, की पलटणीतला एक शिपाई तुझं घर विचारत गावात आलाय. कृष्णातच्या घरी दोन शब्द बोलायचेत म्हणतोय.

दोन शब्द! त्या दोन शब्दांपायीच तर अंजनाचा जीव गेलं वर्षभर टांगणीला लागला होता.

तिचा नवरा कृष्णात ब्रह्मदेशाच्या लढाईत कामी आल्याची तार गेल्या पावसाळ्यात आली. साऱ्या गावाला कळलं, कळू दिलं नाही ते एकट्या बनूला. बनू त्याची आठ वर्षांची लेक, जन्मापासून काळजानं अधू. चार पावलं भरभर चालली, की पोरीचे ओठ जांभळे व्हायचे आणि असेल तिथंच ती उकिडवी बसायची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी नळी लावून बघितलं आणि बजावलं होतं, "पळू देऊ नका, रडू देऊ नका. आणि कसला धसका तर मुळीच बसता कामा नये."

आता बाप गेल्याहून मोठा धसका तो कुठला?

म्हणून त्या घरात रडणं झालंच नाही. कृष्णातची आई राहीबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून गोठ्यात रडली आणि डोळे पुसून नातीला दूध-भाकरी कालवून द्यायला बसली. अंजनाच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं, हातातला हिरवा चुडाही तसाच राहिला. पोरीनं विचारलं असतं तर काय सांगणार होती?

पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार! आधी कुजबुज झाली, मग तोंडावर बोलणं आलं. संक्रांतीला अंजनाला एकाही घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. शेवटी भावकीतले जाणते ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "पोरीला कळंस्तवर आमी काय म्हणत न्हाई. एकदा कळलं, की मग रीतीपरमानं व्हायाचं." राहीबाईनं मान हलवली. दुसरं काय करणार होती बिचारी?

तरी बायका खडा टाकून बघायला यायच्याच. आणि त्या बसल्या, की बनू नेमकी आतून यायची आणि मोठ्यानं विचारायची, "आई, आमचं आबा कवा येणार गं?" झालं! चहा निवायच्या आत बायका उठायच्या. "ऊस गेला की येत्याल," असं काहीतरी अंजना पुटपुटायची आणि चुलीपुढं जाऊन बसायची.

गावातली पोरं बनूला खेळायला घेत नसत. त्यांच्या आयाच म्हणायच्या, "खेळता खेळता काय झालं, तर आमच्या माथी नगं." त्यामुळं तिची ऊठबस सगळी म्हाताऱ्याकोताऱ्यांत. बोलणं पोक्त झालेलं. पूर्वी तिच्या हट्टासरशी घर धावायचं. अलीकडं तिनं हट्ट करणंच सोडलं होतं. पोरीतला जीव कमी होत चाललाय, या विचारानं अंजना सुकत चालली होती.

आणि खरं सांगायचं तर ते कुंकू अंजनालाही हवं होतं. सकाळी करंड्यात बोट बुडवलं, की तेवढ्यापुरता कृष्णात कुठंतरी जिता आहे असं वाटायचं. हे ती कुणापाशी बोलली नव्हती. बोलली असती तर गावानं शेण घातलं असतं तोंडात.

आज नेमकी राहीबाई कोरेगावच्या बाजाराला गेलेली. पोर घरात एकटी. शिपाई दारातच बोलून बसला असेल तर? त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! पोर पडली असेल, ओठ काळे पडले असतील... "यमाई, माझं काय बी घे, पर एवढी येळ सांभाळ गं," म्हणत अंजनानं गल्ली गाठली.

ओसरीवर खाकी कपड्यातला माणूस गूळपाणी घेत बसला होता. समोर खांबाला टेकून बनू. ओठ रोजच्याइतकेच जांभळे होते, जास्त नव्हते.

"आई, हे इलियासकाका. आबांच्या पलटणीतलं. आबांला सुट्टी मिळंना, म्हून ह्यांला धाडलंय. आबा बरं हायत म्हणत्यात."

अंजनाला उभ्या उभ्या रडू फुटायचं राहिलं. इलियासनं तिच्या कपाळाकडं पाहिलं आणि झटकन नजर खाली घातली.

"व्हय, वैनी. बरा हाय... कृष्णात." त्यानं पाण्याचा तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

मग बनूनं त्याला काय काय विचारलं. आबांला तिकडं भाकरी मिळती का, आबा अजून झोपंत बडबडत्यात का. तो सांगत राहिला. अंजना पदर डोक्यावर ओढून ऐकत राहिली. कधी एकदा हा उठतो असं तिला झालं होतं.

तो निघाला, तशी गल्लीच्या वळणापर्यंत ती मागोमाग गेली आणि हात जोडले.

"भावजी, लय उपकार झालं बगा. वाटंत कुनीतरी सांगितलं असंल न्हवं, पोरीम्होरं बोलू नगा म्हून? धसक्यानं गेली असती माझी बनू."

इलियासनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"वाटंत मला कुनीच काय बोललं न्हाई, वैनी."

"मग?"

"दारात हुबा राहून नुसतं कृष्णातचं नाव काढलं, तर पोरीनंच माझा हात धरला. म्हणली, 'काका, आबा गेल्यालं मला तार आली त्या दिसापासनं ठावं हाय. पर आईम्होरं बोलू नगा. मला कळलंय असं लोकांला कळलं, तर माझ्या आईचं कुक्कू पुसतील.'"