टॉर्च बंद करा

"मोठा दिवा लावा ना मॅडम, काहीच दिसत नाहीये!" आमोद ओरडला.

तनुजाने बटण दाबलं. होडीच्या टोकावरचा झोत पेटला आणि समोर पावसाची पांढरी भिंत उभी राहिली. पलीकडचं काहीच दिसेना. तेवढ्यात तळाला काहीतरी खरवडलं. सोसायटीच्या बुडालेल्या गेटचे भाले होते ते. होडी कलली, बादलीभर पाणी आत आलं. तनुजाने आधी झोत विझवला, मग इंजिन बंद केलं.

ती खडकवासला धरणावर लोकांना होडी चालवायला शिकवायची. दुपारी धरणातून पाणी सोडलं, नदी सिंहगड रोडच्या मागच्या गल्ल्यांत शिरली आणि अग्निशमन दलाने तिला होडीसकट बोलावून घेतलं. धरणावर ती अंधारात कितीदा गेली होती. पण इथे डोक्याच्या जरा वर विजेच्या तारा लोंबत होत्या आणि पाण्याखाली गाड्या होत्या. तिने इंजिनाचा दांडा घट्ट धरला. हीच आमोदची सोसायटी, म्हणून तो वाट दाखवायला आला होता. त्याची आई, सुहासिनीताई, पहिल्या मजल्यावर अडकली होती. जिन्याच्या वरच्या चारच पायऱ्या कोरड्या उरल्या होत्या.

पुढचे लाल-हिरवे आणि मागचा बारका पांढरा, एवढेच दिवे तिने ठेवले. दलाची होडी आली तर तिला आपण दिसायला हवं, तेवढ्यापुरते. अंधाराला डोळे सरावले तरच वाट दिसणार होती.

पण तिने इंजिन पुन्हा सुरू केलं आणि त्याचा आवाज ऐकून गॅलऱ्यांत माणसं जमली. पाच-पन्नास मोबाइलचे टॉर्च एकदम होडीवर रोखले गेले. तनुजा पुन्हा आंधळी झाली.

"टॉर्च बंद करा! सगळे बंद करा!"

"बंद केल्यावर आम्ही काय वासावरून सापडणार का तुम्हाला?" वरून एकजण ओरडला. आवाज मात्र रडवेला होता.

एकही टॉर्च विझला नाही. प्रवाह होडीला तारांकडे ढकलत होता. आमोद उभा राहिला. "आई! मी आमोद! टॉर्च बंद कर! ऐक माझं!"

पहिल्या मजल्यावरचा एक दिवा गेला. मग शेजारचा. मग वरचे, एकेक करत, सगळे. वर एक मूल रडायला लागलं. ही सगळी माणसं तनुजाच्या शब्दाखातर अंधारात बसली होती; आता काही चुकून चालणार नव्हतं.

तिने दहा आकडे मोजले. हळूहळू तारा दिसल्या. जिना दिसला.

आणि एक उजेड दिसला. इमारतीत नाही. तिच्या बाजूला, जरा मागे, पाण्यालगत. पिवळट, मंद, हलणारा.

"कोण आहे रे तो? बंद करा म्हटलं ना!" वरचा माणूस खेकसला.

"तिकडे तर पंपरूम आहे," आमोद पुटपुटला. "तिथे कोणी राहत नाही."

तो आईच्या गॅलरीकडे बघत राहिला. सुहासिनीताईंनाही तो उजेड दिसला असावा. "आधी तिकडे जा," त्या म्हणाल्या. "आम्ही अजून कोरड्यात आहोत."

पंपरूमच्या छपरावर वॉचमन हिंमतराव गुडघ्यांवर बसले होते. पाणी कमरेला लागलं होतं. एका हाताने पाइप धरलेला, दुसऱ्या हातात जुनी बॅटरी. पंप बंद करायला गेलेला हा यवतमाळचा म्हातारा तिथेच अडकला होता. ते ड्यूटी संपवून घरी गेले, असंच सगळे धरून चालले होते. दोघांनी ओढून त्यांना होडीत घेतलं. ते कुडकुडत होते. ओरडून ओरडून घसा बसला होता.

"काका, अहो, बॅटरी होती तर आधी लावायची ना!" आमोदचा आवाज चिरकला.

हिंमतरावांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी तं तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून लावून बसलो, साहेब."