दसऱ्याचं कुंकू

"ताई, याचा प्रोसेसर एकदम नव्या पद्धतीचा आहे. जुने व्हायरस यात चालतच नाहीत. अँटीव्हायरसची गरजच काय?" दुकानदार छातीठोकपणे म्हणाला आणि मला ते पटलं. महिनाभर त्या लॅपटॉपवर मी घरूनच अंबडच्या एका कंपनीची ड्रॉइंग्ज करत होते. मागे पलंगावर माझी पाच वर्षांची हर्षाली खेळायची, तिथेच झोपायची.

दसऱ्याला सासूबाईंनी घरातल्या अवजारांबरोबर माझ्या चालू लॅपटॉपचीही पूजा केली. स्क्रीनच्या वर, मधोमध, ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं.

"अहो आई, तिथे कॅमेरा आहे!"

"असू दे. दसऱ्याचं कुंकू लगेच पुसू नये, शुभांगी."

मी हसले आणि ते तसंच राहू दिलं.

गेले चार दिवस स्क्रीनवरचा बाण मध्येच आपोआप सरकतोय. प्रत्येक वेळी दुकानदाराचं बोलणं आठवून मी स्वतःची समजूत घालते.

आज दुपारी काम करताना ड्रॉइंग अचानक बंद झालं. स्क्रीन काळी पडली. मी कशालाही हात लावला नव्हता, तरी कोणीतरी सावकाश टाइप करावं तसं एकेक अक्षर उमटू लागलं. मी हर्षालीला ओढून जवळ घेतलं.



"आजींनी लावलेलं कुंकू पुसा. दसऱ्यापासून हर्षाली दिसत नाही."