अंधाराची सवय

दांड्यावर ठेवलेला हात त्याने आजही मागे घेतला.

इस्पितळाच्या तळघरात, जनरेटरच्या खोलीत तो एकटाच होता. समोर मेन स्विचचा लोखंडी दांडा. तो खाली ओढला की अख्ख्या इमारतीची वीज जायची आणि जनरेटरने आपणहून जागं व्हायचं. दर आठवड्याला एकदा, कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी तो हे करायचा. कोणालाही न सांगता. परवानगी देताना मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "निदान वॉर्डात तरी कळवाल ना?"

"कळवलं की सगळे तयारच असतात, साहेब. मग कच्चं काय आहे ते कळणार कसं?"

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या सिस्टर त्याला अंधारकाका म्हणायच्या. पाठीमागे शिव्याही घालायच्या. पण दर अंधारात काहीतरी सापडायचं. कधी श्वासाच्या यंत्राची बॅटरी मेलेली निघायची, कधी डिझेलच्या नळीत गाळ. कधी हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी कुलपात बंद आणि किल्ली भलत्याच खिशात. सापडलं की ते दुरुस्त व्हायचं. होता होता सिस्टर अशा तयार झाल्या, की दिवे गेले तरी त्यांच्या गप्पा तुटायच्या नाहीत. हात आपोआप पिशवीकडे जायचे.

आता त्याच विभागात, खिडकीजवळच्या खाटेवर त्याची लेक ठमी होती. न्यूमोनियाने छाती भरलेली, घशात नळी, श्वास यंत्राचा. ती तिथे आली त्या दिवसापासून दांडा खाली आला नव्हता. पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणत महिना उलटत आला.

"काका, हल्ली फार माया आलीय आमची!" जिन्यात मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि त्याचा चेहरा बघून त्यांनी जीभ चावली. "राहू दे. पोरीला बरं वाटू दे आधी."

सगळ्यांनीच समजून घेतलं. जुन्या दोघींची बदली झाली, नव्या दोघी आल्या. त्यांनी अंधारकाकाचं नुसतं नाव ऐकलं होतं.

दुपारी तो वर जायचा. बायको खाटेला चिकटून स्टुलावर बसलेली असायची, एक हात पोरीच्या उशाशी. शेजारच्या खाटेवर एक तान्हं बाळ होतं. त्याचा बाप गवंडी होता; नखांत सिमेंट, आवाज एकदम हळू. तो सरकून याला जागा करून द्यायचा. "आज बोट धरलं त्याने माझं," एकदा त्याने सांगितलं. "असं घट्ट धरलं, सोडेचना!"

"चल, चहा घेऊन येऊ," हा बायकोला म्हणायचा.

"नको, तुम्ही या घेऊन." आणि मग न चुकता तिचा प्रश्न यायचा, "आज खाली काही आहे का?"

"नाही गं. काही नाही."

ती त्याच्याकडे क्षणभर बघायची आणि पुन्हा यंत्राकडे वळायची. त्याला वाटायचं, बोलायला विषय हवा म्हणून विचारते.

त्या दुपारी तो अजून तळघरातच होता, तेवढ्यात रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाडला आणि वीज गेली. या वेळी दांड्याला कोणी हातही लावला नव्हता. जनरेटर घरघरला, दोनदा खोकला आणि बंद पडला. त्याने फिल्टर उघडला. इतके दिवस न हललेल्या डिझेलचा गाळ त्यात चिखलासारखा बसला होता. वर धावत सुटावं असं पायांना वाटत होतं. तो खाली बसला. गाळ उपसला, नळी फुंकली, तिच्यातली हवा काढली. बोटं ओळखीची कामं विसरल्यासारखी करत होती. शेवटी इंजिन धडधडलं, दिवे लागले, आणि तो जिने चढत सुटला.

विभागात कोणीच बोलत नव्हतं. मोठ्या सिस्टर पलीकडच्या एका मुलापाशी वाकल्या होत्या. पिशव्यांच्या कपाटाचं कुलूप तोडलेलं होतं. नवी सिस्टर बाळाच्या खाटेशी फरशीवर बसली होती, पिशवी मांडीवर तशीच. बाळाच्या यंत्राची बॅटरी दिव्यांबरोबरच गेली होती. गवंडी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ठमीची छाती वर-खाली होत होती. तिचंही यंत्र मधेच थांबलं होतं. आता वीज आल्यावर ते नुसतंच सुसकारत बाजूला उभं होतं. बायको पिशवी दाबत होती. दाबायची, सोडायची, ओठांनी काहीतरी मोजायची. मनगट सुजलं होतं.

"अगं, वीज आली," तो म्हणाला. "दे सिस्टरकडे. त्या जोडतील."

ती दाबतच राहिली. मोठ्या सिस्टरनी येऊन नळी यंत्राला जोडली, तेव्हा कुठे तिची बोटं सुटली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"पहिल्याच दिवशी शिकून घेतलं मी, त्या जुन्या सिस्टरकडून," ती म्हणाली. "पिशवी उशाखालीच ठेवत होते. रोज विचारायचे, आणि तुम्ही नाही म्हणायचात. म्हटलं, इतके दिवस दिवे गेले नाहीत तरी आज जातील; हा माणूस कधी कोणाला आधी सांगतो का? पोटची पोर इथे आहे म्हणून तो थोडाच थांबणार आहे!"

पलीकडे गवंडी परत खाटेपाशी आला होता. तो बाळाची मूठ आपल्या बोटाभोवती पुन्हा पुन्हा मिटवून बघत होता.

आपण थांबलो होतो, हे या दोघांपैकी आधी कोणाला सांगायचं, ते त्याला कळेना.