आतला सांगावा

“खरंच सांगतो, आता दम लागत नाही,” रंगारी पुन्हा म्हणाला.

“तुम्ही कधी खोटं बोलता का!” बायकोने रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरबाईंपुढे ठेवला. “हृदयाची नवी गोळी सुरू झाली आणि हा आकडा वाढला. आणि हे लपून शिडीवर चढतात. विकूनच टाकते ती शिडी.”

तिचा आवाज चढला होता. मागेही तो असाच ‘बरा’ होता. जिन्यात मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, भिंतीचे पोपडे बघतोय. मग पाय खांबासारखे सुजले, आडवं झोपता येईना.

डॉक्टरबाईंनी त्याच्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती.

“आकडा खरा आहे. पण ही गोळी चालू असताना हा बघायचा नसतो.”

“म्हणजे?”

“ताण आला की हृदय स्वतःच रक्तात एक हार्मोन सोडतं. मूत्रपिंडांना कळवतं, मला ओझं होतंय, पाणी बाहेर काढा. शरीर ते लगेच मोडून टाकतं. ही गोळी मोडू देत नाही. निरोप जास्त वेळ टिकतो, म्हणून आकडा वाढतो.”

“मग ताण कमी झाला की नाही, कळायचं कसं?”

“हार्मोन तयार होताना त्याचा एक तुकडा वेगळा होतो. त्याला गोळी हात लावत नाही. मागच्या वेळी तोही मोजला होता. आज सकाळच्याच रक्तात पुन्हा मोजायला सांगते. बसा बाहेर.”

दोघं बाहेर बाकावर बसली. तोच म्हणाला, “इतके दिवस आत निरोप जात होते. मला पत्ता नाही.”

“तुमचं हृदय असून!” ती म्हणाली. “तुम्ही तर मला कधी दुखतंय म्हणाला नाहीत.”

दार उघडलं. डॉक्टर स्वतःच बाहेर आल्या.

“त्या तुकड्याचा आकडा निम्म्याहून खाली आलाय. ताण उतरतोय. यावेळी खरं बोलतायत हे.”

तो हसला. तिला हसू आलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तिने त्याच्या छातीवर, शर्टावरच्या रंगाच्या जुन्या डागावर, तळहात टेकवला.

“अगं, शिडीचं काय मग? विकायची नाही ना? मी म्हणतच होतो—”

“गप्प बसा जरा,” ती म्हणाली. “ऐकू द्या.”