सासूचं बीपी

"आधी तुमचा हात, मावशी," वनिता सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी ठकुबाईंच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. आठवा महिना लागलेली सून, नूतन, चौकटीला टेकून उभीच होती.

शिकाऊ नर्स प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोरच्या वरच्या अंगाच्या या वाड्यांवर महिनाभर ती सिस्टरांसोबत फिरत होती. घरोघरी तेच. गरोदर सून आणि मान सासूचा! मशीनवरचा आकडासुद्धा सासूनंच वाचायचा, मग म्हशीची चौकशी. कॉलेजनं काल मोबाईलवर विचारलं होतं, 'उपकेंद्रात नोकरी कराल का?' तिनं ठणकावून कळवलं होतं, 'नाही. तिथं नुसत्या गप्पा असतात.' पुण्यात आयसीयूत जायचं हे तिचं ठरलेलं होतं.

"एकशे अठ्ठावीस," ठकुबाईंनी वाचलं. "बरं हाय न्हवं?"

"झकास!"

मग प्रेरणानं नूतनला बसवून मोजलं. एकशे बासष्ट. पाय सुजलेले, डोकं सकाळपासून ठणकत होतं. थोडं थांबून पुन्हा मोजलं, तर एकशे चौसष्ट. प्रेरणा ओरडलीच, "हिला आत्ताच्या आत्ता भोरला न्यायला हवं! दोन जिवांचा प्रश्न आहे!"

"माझी पाच बाळंतपणं हितंच झाली," ठकुबाई म्हणाल्या. "अमृत सांजच्याला येईल कापूरहोळवरनं. लेकाला इचारल्याबिगर कुठं न्हाई जायचं."

प्रेरणानं झटके, बेशुद्धी, सगळं सांगून पाहिलं. म्हातारी ढिम्म. नूतन खाली मान घालून बसली. तिला विचारतं कोण?

सिस्टरांनी वाद घातला नाही. मशीन उचलून ठकुबाईंच्या मांडीवर ठेवलं. "मावशी, तुम्हीच मोजा."

ठकुबाईंनी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला, अगदी सराईतपणे. बटण दाबलं. सहा महिने स्वतःचा आकडा वाचून वाचून, कुठल्या आकड्याला भ्यायचं हे त्यांना पाठ झालं होतं. त्यांचा चेहरा उतरला. "अगं बया!" एवढंच म्हणत त्या मोबाईल शोधायला उठल्या.

सिस्टर तोवर १०८ला फोन लावत होत्या. प्रेरणा त्यांच्याकडे बघतच राहिली. काय बाई आहे ही! आयसीयूतली मशिनं काय, वर्षभरात शिकू. पण हे आपल्याला जमेल का, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

ओट्यावरून ठकुबाईंचा आवाज आला, "अमृत, सरळ भोरच्या दवाखान्यात ये. आमी निघालो. नर्सबाईंनी कशाला सांगाय पायजे? म्या सोता मोजलंय!"